बायकोला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ८ वर्षांच्या मुलाला आणि १५ वर्षांच्या मुलीला सांगावं का?

सांगा, आणि लवकर सांगा. घरात दबक्या आवाजात फोन सुरू झाले की पोरांना अर्धं कळलेलंच असतं आणि उरलेलं ती मनानेच भरतात, ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. लहान्याला वाटू शकतं की मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली, त्यामुळे हे तुझ्यामुळे झालं नाही आणि आईला मिठी मारल्याने तुला होत पण नाही, हे परत परत सांगा. केमो (कॅन्सरची औषधं) द्यायची ठरली तर केस जाऊ शकतात हेही आधीच सांगा, नंतर बहुतेक वेळा परत येतात.

मोठीकडे जास्त लक्ष द्या दादा. ती रडणार नाही, डबे भरेल, भावाचा अभ्यास घेईल आणि सगळे म्हणतील किती समजूतदार पोर. माझे बाबा ट्रीटमेंटला मुंबईला होते तेव्हा गावी आजीकडे मी हेच करत होते, दहावीचं वर्ष होतं, आणि तुला कसं वाटतंय असं कुणी एकदाही विचारलं नाही. तिला कामं द्या पण क्लास, मैत्रिणी बंद करू नका. वर्गशिक्षकांच्या कानावर घालून ठेवा. झोप-जेवण बिघडलं, फारच गप्प झाली तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.