आंब्या-पोफळींच्या दाट बागेत सगळीकडे वायफाय कसं पोहोचवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूरकडे साडेतीन एकरांची बाग, वरच्या अंगाला घर, घरात फायबरचं कनेक्शन. खाली उतारावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या, घरापासून सव्वाशे मीटरवर. त्याखाली व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) पंप. मध्ये सगळी कलमं, पोफळी, फणस. मोबाइलला रेंज नाही. दुकानदार म्हणतो चार अँटेनांचा मोठा राऊटर घ्या, बागभर चालेल. घ्यावा का?

नका घेऊ. मी सिंधुदुर्गात कॅमेरे आणि नेटवर्क बसवायची कामं करतो, आणि अशा बागांत पहिली गोष्ट हीच सांगतो: ‘बागभर वायफाय’ डोक्यातून काढून टाका. कलमांखाली उभं राहून कोणी व्हिडिओ बघत नाही. माणसं बसतात ती खोल्यांच्या पडवीत, खळ्यात, फार तर पार बांधलेल्या एखाद्या झाडाखाली. तेवढ्या जागा धरा आणि झाडीतून लहरी नेण्याऐवजी तिथपर्यंत तार न्या.

झाडी लहरी किती खाते याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. वायफायच्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींना ५० मीटर दाट पानोळ्यातून जाताना २० डेसिबलच्या वर तोटा धरतात. म्हणजे निघालेल्या शक्तीचा शंभरावा हिस्साही पलीकडे पोचत नाही, आणि अंतरामुळे होणारी घट यात धरलेलीच नाही. शिवाय हा हिशोब कोरड्या पानांचा. आंबा, फणस, काजू बारमाही हिरवे, त्यात आपल्याकडे चार महिने पान सुकतच नाही. पोफळीच्या आगरात तर उन्हाळ्यातही स्प्रिंकलर चालू. २.४ गिगाहर्ट्झ थोडं बरं चालतं, पण सव्वाशे मीटर कलमांमधून नाहीच.

आता मोठ्या राऊटरबद्दल. देवळाचा भोंगा खालच्या वाडीपर्यंत ऐकू जातो, पण खालच्या वाडीतून मारलेली हाक देवळात ऐकू येत नाही. तुमच्या राऊटरला २.४ गिगाहर्ट्झवर अँटेनासकट ४ वॅटपर्यंत मुभा आहे, फोन मात्र जेमतेम दशांश वॅटचा. मग फोनवर सिग्नलच्या कांड्या दिसतात आणि वेबपेज काही उघडत नाही. ‘रेंज आहे पण नेट नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

तर तार. घरातून खोल्यांपर्यंत फायबर (काचेच्या धाग्याची केबल) टाका, तांब्याची लॅन केबल नको. एक तर तांब्याची मर्यादा १०० मीटर, तुमचं अंतरच त्याहून जास्त. पण अंतर ७० मीटर असतं तरी मी हेच सांगितलं असतं, कारण आकाशातली वीज. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस आठवा. झाडावर नाही, नुसती जवळपास पडली तरी बागेतून गेलेल्या लांब तांब्यात झटका येतो आणि दोन्ही टोकांचं सामान जातं: राऊटर, स्विच, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, कधी टीव्हीसुद्धा. काचेतून हा झटका जात नाही. मात्र केबल घेताना बघून घ्या. पोलवरून ओढायची जी ड्रॉप केबल असते तिच्यात आधाराला बऱ्याचदा लोखंडी तार असते. तुम्हाला एफआरपीवाली, म्हणजे आत धातू अजिबात नसलेली हवी. चांगल्या बाहेरच्या लॅन केबलपेक्षा ही मीटरमागे स्वस्तच पडते.

खणायचा प्रश्न येईल. जांभ्यात चर मारायचा म्हणजे गड्यांची दोन दिवसांची मजुरी आणि वर बोलणी. त्यापेक्षा तुमच्या बागेचा गडगा (दगडांचं कुंपण) वरून खालपर्यंत जात असेल तर त्याच्या आतल्या अंगाला, पायाशी, एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप लावत न्या आणि केबल त्यातून ओवा. वाट लांबते, पण गडग्यालगत कोणी कुदळ मारत नाही, टेम्पो फिरत नाही. पाइपमध्ये आधीच नायलॉनची दोरी ओढून ठेवा, पुढे दुसरी केबल टाकायची झाली तर कामाला येते. दोन्ही तोंडं घट्ट बंद करा. गडग्यात उंदीर असतातच, आणि उघड्या पाइपाइतकी सोयीची जागा त्यांना दुसरी नाही. डुक्कर उकरतात तेवढ्या पट्ट्यात पाइपावर चिऱ्यांचे तुकडे रचा. झाडांवरून केबल नेऊ नका. वारा एक वेळ परवडला, वानर नाही. लोंबती केबल दिसली की त्यांना ती ओढायचीच असते.

टोकं जोडायला गावातल्या केबलवाल्याला बोलवा, त्याच्याकडे काचेचे धागे जोडायचं स्प्लायसिंग मशीन असतं. घरी एक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडून देणारा डबा), खोल्यांकडे एक. एकाच धाग्यावर चालणारे घेतलेत तर ते ‘ए’ आणि ‘बी’ अशा जोडीने येतात; एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो, दुसरा १५५० वर. दुकानदाराने दोन्ही ‘ए’ दिले तर लिंकचा दिवा लागणार नाही आणि तुम्ही उगाच स्प्लायसिंगवाल्याला दोष देत बसाल. बिलाआधी खोक्यावरचं अक्षर वाचा. टाकताना धागे मात्र दोन असलेलीच केबल टाका, एक राखीव.

खोल्यांकडे एक बाहेरचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, पुरे. वळचणीखाली, पावसाची झड लागणार नाही असा, तोंड खळ्याकडे. खोल्या चिऱ्याच्या असतील तर आतून सिग्नल दमतो, तेव्हा आत एक छोटा वेगळा लावा. घर आणि खोल्या दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल वेगळे, एकीकडे १ आणि दुसरीकडे ६ किंवा ११. ताकद पूर्ण वाढवून ठेवू नका, नाहीतर खाली उतरलेला फोन वरच्या घराचा क्षीण सिग्नल धरूनच बसतो. बाहेरच्या डब्यात केबल खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला एक लोंबता वाक द्या, पाणी तिथून ठिबकून जातं. भोकं सिलिकॉनने बुजवा. पाण्याइतकाच त्रास मुंग्यांचा आणि पालींचा. डबा उबदार असतो, अंडी घालायला बरा.

पंपाकडे तार न्यायची नसेल तर खोल्यांच्या भिंतीवरून पॉइंट-टू-पॉइंट लिंक (समोरासमोर दोन अँटेना लावून बिनतारी जोडणी) करता येते, पण फक्त समोर दिसत असेल तर. ‘पानांतून दिसतंय’ याला दिसणं म्हणत नाहीत. २०० मीटरच्या लिंकला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर सरळ रेषेच्या भोवती सगळीकडून किमान एक मीटर मोकळं लागतं, दीड असेल तर उत्तम. आज मोकळी असलेली जागा पालवी फुटली की भरते. अँटेना माडावर बांधायचा सल्ला कोणीतरी देणारच. उंची मिळते, पण माड वाऱ्यात डुलतो आणि लिंक तुटत राहते. जीआय पाइपचा खांब काँक्रीटमध्ये उभा करा, अर्थिंग करा. परवान्याची चिंता नको, २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे. चाचणी कोरड्या दुपारी घेऊन समाधान मानू नका. स्प्रिंकलर अर्धा तास चालवा, झाडं भिजू द्या, मग बघा.

मेशचे (एकमेकांकडे वायफाय पुढे ढकलणारे) तीन डबे झाडांना टांगून काम होईल का, असंही तुम्ही विचारलंय. होईल, पण रडतखडत. एकाच रेडिओवर पुढे ढकलणाऱ्या मेशमध्ये प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो, आणि प्रत्येक डब्याला झाडापाशी वीज न्यावी लागते ती वेगळीच. मग केबल टाकलीच की!

बत्ती गेली की सगळं बसतं, म्हणून दोन्ही टोकांना राऊटरचे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस लावा. पंपाच्या लाइनवर यातलं काही जोडू नका, मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं.

मोबाइलच्या रेंजसाठी कोणी ‘सिग्नल बूस्टर’ आणून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा. तो खाजगी माणसाने बसवणं बेकायदा आहे, आणि टॉवरच्या कामात तो अडथळाही आणतो. फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे वायफायवरून फोन लावायची सोय, चालू करा. बहुतेक नव्या फोनांत असतं, पाहुण्यांना चेक-इनच्या वेळीच सांगून टाका.

काम दिवाळीनंतर काढा. गवत कापून झालेलं असतं, जमीन अजून मऊ असते. मार्चनंतर आंब्याच्या गडबडीत गडीही मिळत नाहीत आणि शिडी, क्रेट, टेम्पो यांत नवी केबल कोणीतरी तोडतोच. तोवर गडग्याच्या कडेने टेप लावून अंतर मोजा, दोन्ही टोकांना आठ-दहा मीटरचं वेटोळं धरा आणि तो आकडा इथे टाका. किती केबल, कोणते कन्व्हर्टर, याची यादी देतो.