सासूबाईंचा उपाय आणि निखळलेला पंखा

प्रश्न : माझा मुलगा विमान चालवायला शिकतो आहे. परवा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना विषय निघाला, उडत्या विमानाचा पुढचा पंखाच गळून पडला तर? दीर म्हणाले, दार उघडून सामान फेकायचं. जाऊबाई म्हणाल्या, टेबलफॅन बाहेर धरायचा. सासूबाई म्हणाल्या, “मागच्यांनी पुढे सरकावं. बैलगाडी उलाळ झाली की आम्ही तेच करायचो.” हसून पुरेवाट झाली, पण घरी आल्यावर मला झोप लागेना.
– एक आई, इंदूर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये ३४ वर्षं काढली मी, पण ‘उलाळ’ इतका नेमका शब्द कुणाकडून ऐकला नव्हता. सेसना १७२ सारख्या छोट्या शिकाऊ विमानाचा धातूचा पंखा १५-२० किलोचा, तोही नाकाच्या अगदी टोकाला. तो गेला की तोल मागे सरकतो आणि नाक वर उठू लागतं. वेळीच दाबलं नाही तर वेग मरतो, विमान कोसळतं. मात्र मागच्यांनी पट्टे सोडायचे नाहीत. नाक खाली ठेवायचं काम पायलटचं.

दिरांचा उपाय नको. वजन कमी केल्याने विमान जास्त लांब तरंगत नाही, आणि फेकलेली बॅग शेपटीवर आदळली तर संपलंच. टेबलफॅनचं काय सांगू!

आता झोप लागेल असं सांगतो. पंख शाबूत आहेत तोवर विमान दगडासारखं पडत नाही. ओझं गेल्यामुळे इंजिन भरमसाट फिरू लागतं, ते ताबडतोब बंद करायचं. मग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग धरला, की वारा नसताना दर १००० फुटांमागे अडीच किलोमीटर तरी जाता येतं. इंदूरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फुटांवर, म्हणून उंचीचा काटा ४८०० दाखवत असला तरी हाताशी ३००० च. गहू निघालेलं रान मिळालं तर उत्तम. पावसाळ्यात आपली माळव्याची काळी माती चाकं धरून ठेवते, तेव्हा डांबरी धावपट्टी गाठता आली तर तीच बघावी.

मला याहून भीती वाटते ती पात्याचा तुकडा उडण्याची. त्या हादऱ्यांनी इंजिन जागेवरून उखडू शकतं. आणि त्याची सुरुवात एखाद्या खड्याने होते. एकदा सकाळी पात्याच्या पुढच्या कडेवर माझं नख अडकलं. टवका ज्वारीच्या दाण्याएवढाही नव्हता, आदल्या दिवशी कुणीतरी पाहून “चालेल” म्हणून गेलं होतं. मला फार राग आला होता. अशा टवक्याच्या तळाशी ताण साठतो, तिथून चीर धरते. कानशीने घासून कड गुळगुळीत होईपर्यंत मी ते विमान हलू दिलं नाही.

मुलाला सांगा, रोज उडण्याआधी मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद, किल्ली काढून खिशात, आणि मग पंखा न फिरवता दोन्ही पात्यांच्या कडेवरून बुंध्यापासून टोकापर्यंत नख फिरव. अडकलं, तर इंजिनिअरला हाक मार.