थायलंडमध्ये शिकवायला चाललायस? मग हे आधी ऐक

पहिल्याच सत्रात अर्ध्या वर्गाला नापास करून शिस्त लावायचा बेत असेल, तर तो इथेच सोड. थाई शाळेत श्रेणी ० ते ४ असते. शून्य मिळालं की 'के सून', म्हणजे शून्य दुरुस्त करायची फेरी. मुलगा पुन्हा परीक्षा देतो किंवा एखादं काम करून देतो आणि बहुतेक वेळा १ घेऊन सुटतो. ते काम काढायचं, तपासायचं तुलाच! पोरांना हे सगळं पाठ असतं, त्यामुळे नापासाची धमकी देऊन कोणी हलत नाही.

पोरं आळशी आहेत असं मात्र लगेच ठरवू नकोस. चाळीस-पन्नास जणांच्या वर्गात "समजलं का?" विचारलंस, तर सगळे मान डोलावतील. शिक्षकापुढे 'नाही' म्हणणं त्यांना अवघड जातं. त्यापेक्षा छोट्या पाट्या दे, सगळ्यांना एकदम उत्तर लिहून वर धरायला सांग. कोण कुठे अडलंय ते लगेच दिसतं. गृहपाठाची एकच वही वर्गभर फिरते, चुकांसकट उतरते; म्हणून गुण वर्गातल्या कामालाच दे.

२०२२च्या पिसा चाचणीत (१५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) थायलंडला गणितात ३९४ गुण होते; ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी ४७२. पण मोठ्या शहरांतल्या निवडक शाळांतली पोरं विद्यापीठ प्रवेशासाठी रात्री उशिरापर्यंत शिकवण्या करतात. तुझी शाळा कुठली, यावर बरंच अवलंबून आहे.

आणि हो, हजेरी चोख ठेव. ८० टक्क्यांखाली गेलेल्याला परीक्षेला बसता येत नाही, तेव्हा ऑफिस तुझंच रजिस्टर मागेल.