हिप्पी कोण आणि वुडस्टॉकला काय झालं?

प्रश्न : आजोबा पूर्वी भाजीचा ट्रक घेऊन गोव्याला जायचे. त्यांनी हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी बघितलेत. हिप्पी म्हणजे कोण? आणि वुडस्टॉकला ते कशाला जमले होते?
— सातवीतली वाचक, खानापूर

उत्तर : बाळ, 1960 नंतर अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती आणि तरुण पोरांना सक्तीनं सैन्यात नेत होती. लढाई नको, पैशामागं धावणं नको, मिळून राहू, असं म्हणणारी पोरं केस वाढवून, मण्यांच्या माळा घालून फिरू लागली. तेच हिप्पी.

15 ऑगस्ट 1969. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावात मॅक्स यासगर या दूधव्यवसायिक शेतकऱ्याच्या रानात ‘वुडस्टॉक’ नावाचा गाण्यांचा मोठा जलसा सुरू झाला. (वुडस्टॉक नावाचं गाव वेगळंच, जलसा तिथं झालाच नाही.) यासगर हिप्पी नव्हता, लढाईच्या बाजूचा होता. त्याचं दूध घेऊ नका, असे फलक गावात लागले. तरी त्यानं जमीन दिली. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

आली किती? चार लाखांवर! कुंपण पुरं झालंच नव्हतं, मग तिकीट कोण बघणार? रस्ते तुंबले, खाणं संपलं, वर पाऊस. तेव्हा आसपासच्या लोकांनी जेवण पाठवलं, हॉग फार्म नावाच्या हिप्पी मंडळींनी शिजवून वाढलं. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात, तसंच बघ की.

पहिल्याच रात्री भर पावसात आपले रविशंकर सतार वाजवत होते, तबल्यावर अल्लारखा. चिखलातली ती गर्दी बघून रविशंकरांना आपल्याकडच्या डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या. समोरचे कित्येक नशेत होते, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. मीही गाणं शिकवते. नशेत सूर नीट ऐकूच येत नाही, आणि तिथं नशेपायी जीवही गेला.

सोमवारी सकाळी, बरेच लोक घरी परतल्यावर, जिमी हेंड्रिक्स या अमेरिकी वादकानं गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. मधेच तारांतून बाँब पडल्यासारखे, किंचाळल्यासारखे आवाज काढले. शब्द एकही नाही, तरी लढाई ऐकू येते. मोठ्यांसोबत बसून ते एकदा ऐकच.

आजोबांनी बघितलेल्यांपैकी कितीतरी जण इस्तंबूल, तेहरान, काबूल करत जमिनीवरूनच इकडं आले असणार. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियाचं सैन्य शिरलं, आणि ती वाट बंद झाली.