स्थानिकांना प्राधान्य देताना आधी व्याख्या पक्की करा

नगर प्रशासनाच्या खरेदीत स्थानिक व्यावसायिकांना प्राधान्य द्यायचंय ना, मग बोलीच्या तुलनेत त्यांना किती टक्के सवलत ते ठरवण्याआधी ‘स्थानिक’ कोण ते लिहून काढा. नुसता पत्ता पुरावा मानलात, तर निविदा निघाल्यावर आठवड्यात भाड्याच्या खोलीवर पाटी लागते. किमान एक वर्षाचा व्यवसाय परवाना, करभरणा आणि तिथे प्रत्यक्ष काम करणारी माणसं, हे तिन्ही मागा. पोटठेक्यावरही मर्यादा घाला. नाहीतर नाव स्थानिकाचं आणि काम बाहेरच्याचं.

आता हिशोब. बाहेरच्याची बोली १००, स्थानिकाची १०४, सवलत ५ टक्के. तुलनेसाठी स्थानिकाची बोली ९८.८ धरायची, म्हणजे काम त्याला. पण करार १०४ चाच! नवखे इथे हमखास चुकतात आणि करारात ९८.८ लिहितात. वरचे ४ शहराच्या तिजोरीतून जातात, म्हणून एका खरेदीत जास्तीत जास्त किती जादा द्यायचं याची कमाल रक्कम ठरवाच.

स्थानिकाला सर्वात कमी दराशी बरोबरी करू देण्याची पद्धतही आहे. त्यात जादा खर्च नाही, पण आपला दर दुसऱ्यासाठी मापदंड ठरतो हे कळल्यावर बाहेरचे बोली लावणंच सोडतात आणि पुढच्या वेळी दर चढतात.

अनुदानातून खरेदी असेल तर त्याच्या अटी आधी वाचा. प्राधान्याला मनाई असू शकते.

माझ्या मते लहान दुकानदाराला सवलतीपेक्षा वेळेवर पैसे जास्त उपयोगी. मोठी निविदा तुकड्यांत काढा, अनामत कमी ठेवा, देयक ३० दिवसांत चुकतं करा.