आमच्या लिनक्स फाइल सिस्टिमच्या रिनेमच्या कोडमध्ये लॉकडेपची (लॉक कुठल्या क्रमाने घेतली जातात ते तपासणाऱ्या कर्नलमधल्या टूलची) वॉर्निंग येते, पण हँग कधीच होत नाही. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

नाही. ‘हँग कधीच झालं नाही’ हे मी आमच्या एका सीनियरच्या तोंडून पुरेसं ऐकलंय.

आमच्या फाइल सिस्टिममध्ये जर्नलचं (बदल आधी जिथे नोंदवले जातात त्या नोंदवहीचं) लॉक धरलेलं असताना एक छोटा बफर अलोकेट व्हायचा, तोही जीएफपी_कर्नल देऊन, म्हणजे मेमरी कमी पडली तर फाइल सिस्टिमकडूनही मोकळी करून घ्यायची मुभा देऊन. लॉकडेप ओरडलं: जर्नलचं लॉक आणि एफएस_रिक्लेम (हीच मेमरी मोकळी करून घेण्याची प्रक्रिया), सर्क्युलर डिपेंडन्सी, म्हणजे दोघं एकमेकांसाठी अडून बसू शकतात. सीनियर म्हणाले, फॉल्स पॉझिटिव्ह आहे, रात्रभराच्या टेस्टमध्ये एकदाच तर आलं. अहो, एकदाच येणार! पहिला रिपोर्ट दिला की लॉकडेप स्वतःच बंद पडतं, उरलेली रात्र ते काहीच तपासत नाही. मीटिंगमध्ये सांगितलं, कोण ऐकतंय. कोडच्या आगेमागे लॉकडेप_ऑफ आणि लॉकडेप_ऑन चिकटवून, म्हणजे तेवढ्यापुरती तपासणीच बंद करून, रिलीज गेलं.

टेस्टच्या मशीनला ६४ जीबी रॅम, मेमरी कधी कमी पडलीच नाही. ग्राहकाकडे पडली. कर्नल मेमरी मोकळी करायला निघालं ते आमचेच इनोड (मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या नोंदी) काढायला लागलं, आणि इनोड काढायचा तर जर्नलचं लॉक हवं. लॉगमध्ये टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकल्याचा मेसेज. स्टॅक बघितला: खाली आमचं लॉक घेणारं फंक्शन, मध्ये रिक्लेम, वर पुन्हा तेच फंक्शन. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते एका थ्रेडने करून दाखवलं.

अलोकेशन लॉकच्या आधी उरकणं सगळ्यात बरं. ते जमत नसेल तर लॉक घेण्याआधी मेमअलॉक_नोएफएस_सेव्ह (इथून पुढे मेमरीसाठी फाइल सिस्टिममध्ये शिरू नको, असं सांगणारा कॉल), सोडल्यावर रिस्टोअर. प्रत्येक अलोकेशनच्या कॉलला जीएफपी_नोएफएस (हीच सूचना, पण त्या एका कॉलपुरती) चिकटवत बसू नका. तीन फंक्शनं आत दडलेलं एखादं अलोकेशन हमखास सुटतं.

तुमच्या रिनेमचं म्हणाल, तर दोन्ही डिरेक्टऱ्यांची लॉकं व्हीएफएसने (सगळ्या फाइल सिस्टिमच्या वरच्या, कर्नलच्या सामाईक थराने) आधीच घेतलेली असतात. वर तुमचं स्वतःचं लॉक दोन इनोडवर घेत असाल तर लहान नंबरचा इनोड आधी, आणि हा क्रम सगळीकडे. मग दुसऱ्या लॉकला म्युटेक्स_लॉक_नेस्टेड (एकाच प्रकारचं दुसरं लॉक मुद्दाम घेतोय, असं लॉकडेपला सांगणारा कॉल) चालेल. लॉकडेप लॉकचा क्लास (प्रकार) बघतं, सुटं लॉक नाही, दोन वेगळ्या इनोडची लॉकं त्याला एकच वाटतात, त्यामुळे खरे फॉल्स पॉझिटिव्ह असतात, मान्य. पण क्रम का चुकू शकत नाही ते वर कॉमेंटमध्ये लिहा. लिहिता आलं नाही तर तो बग आहे.

आमची दुरुस्ती गेली. लॉकडेप_ऑफ काढायचा पॅच मात्र अजून रिव्ह्यूतच आहे. सीनियर म्हणतात, आता तर हँग होत नाही ना?