मिकी मँटलची सही असलेला बेसबॉल खरा आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांनी २००० च्या आसपास अमेरिकेतून मिकी मँटलची (न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे गाजलेले खेळाडू) सही असलेला बेसबॉल आणला, मामा आता नाहीत, चेंडू कोल्हापुरात तुमच्या कपाटात आहे आणि सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आहे. तर सही खरी धरायची का, आणि विकला तर किती येतील? तीन फोटो टाकलेत. त्यातले दोन सर्टिफिकेटचे. चेंडूचा एकच, तोही काचेच्या पेटीबाहेरून काढलेला.

तो फोटो बघून मी लिहायला बसले. आमच्या घरात याच गोष्टीवरून वीस वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे आणि त्याची सुरुवातही अशीच झाली होती. कागद सगळ्यांनी वाचला, चेंडू कोणी हातात घेतला नाही.

मी १९८३ ते १९९५ सांगलीत एका सहकारी बँकेत होते. त्यातली आठ वर्षं माझ्याकडे चेक पासिंग होतं. चेक आला की नमुना सहीचं कार्ड काढायचं, दोन्ही शेजारी ठेवायचं आणि जुळलं तर पुढे पाठवायचं. बाहेर माणूस पितळी टोकन हातात घेऊन उभा असतो, आत तुम्हाला अर्ध्या मिनिटात ठरवायचं असतं. असे दिवसाला दीडदोनशे चेक. सहीचं शास्त्र मी कुठे शिकले नाही, पण एक गोष्ट त्या टेबलावर पक्की कळली. खोट्या सहीची अक्षरं बहुतेक वेळा खरीपेक्षा जास्त सुबक असतात. स्वतःची सही करताना माणूस अक्षरांचा विचार करत नाही, हात आपोआप चालतो. दुसऱ्याची सही उतरवणारा एकेक अक्षर सांभाळत जातो, त्यामुळे रेघ मध्येच थांबते, अडखळते. म्हणून आम्ही बँकेत म्हणायचो, ही सही केलेली नाही, काढलेली आहे.

१९९६ साली आम्ही न्यू जर्सीला आलो. माझे धाकटे दीर आमच्या आधी पाच वर्षं आले होते आणि पक्के यँकीजवाले झाले होते. त्या काळात यँकीज जिंकतच होते, १९९६, १९९८, १९९९, २०००. भाऊजींनी २००१ च्या उन्हाळ्यात एका मॉलमधल्या दुकानातून मँटलचा चेंडू घेतला, साडेतीनशे डॉलरला. तेव्हा ती लहान रक्कम नव्हती. दसऱ्याला सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी चेंडू दाखवला. खाली लाकडी बैठक, वर काचेची पेटी, मागे फ्रेममध्ये सर्टिफिकेट. त्यावर नंबर, नक्षी, आणि आयुष्यभराची हमी.

मी पेटी उघडायला सांगितली. भाऊजींना ते आवडलं नाही, पण उघडली.

मिकी मँटल हे नाव इंग्रजीत लिहिलं की त्यात दोन एम येतात. घाईत सही करणाऱ्याचा दुसरा एम पहिल्यासारखा येत नाही, तोवर हात सैल झालेला असतो. त्या चेंडूवरचे दोन्ही एम एका साच्यातून काढल्यासारखे होते. मिकीमधल्या वायची शेपटी जिथे संपते तिथे शाईचा बारीक गोळा होता, म्हणजे पेन तिथे थांबलं होतं. खरी शेपटी निमुळती होत जाते, कारण पेन उचललं जात असतानाही हात पुढेच चाललेला असतो. आणि टीच्या आधी रेघ तुटून परत जोडलेली होती.

मी म्हणाले, "भाऊजी, ही सही काढलेली आहे."

ते म्हणाले, "वहिनी, चेकवरच्या सह्या वेगळ्या आणि हे वेगळं. हे सर्टिफाइड आहे."

पंधरा माणसांसमोर. कोणी काही बोललं नाही. परतताना गाडीत आमच्या ह्यांनी मला सांगितलं की सणाच्या दिवशी हे काढायला नको होतं. मला ते आजही पटत नाही. साडेतीनशे डॉलर गेलेत हे ज्याला दिसतं त्याने गप्प बसावं, यात कसला सण?

आता त्या सर्टिफिकेटबद्दल, कारण तुमचीही सगळी भिस्त त्यावर आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत खोट्या सह्यांचा प्रचंड बाजार होता. एफबीआयने सॅन डिएगोहून ऑपरेशन बुलपेन नावाची मोहीम चालवली आणि १९९९ साली छापे घालून एक मोठी टोळी पकडली. त्या टोळीत सह्या काढणारे होते, माल विकणारे होते आणि सर्टिफिकेटं पुरवणारेही होते. जो चेंडू खोटा करतो त्याला कागद खोटा करायला कितीसा वेळ लागणार? सॅन डिएगो पाड्रेस या बेसबॉल संघाचा खेळाडू टोनी ग्विन याला तर आपल्या खोट्या सह्यांचा माल खुद्द आपल्याच संघाच्या दुकानात विकायला ठेवलेला दिसला. आणि जप्त मालात मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉल होते. होय, मदर तेरेसांची, बेसबॉलवर. विकणाऱ्याने कागद दिला, याचा अर्थ विकणाऱ्याने आणखी एकदा तेच सांगितलं. याहून जास्त काही नाही.

भाऊजींना मी हे सगळं सांगितलं. बातमीची कात्रणंही दिली. त्यांचं उत्तर ठरलेलं: "ते कॅलिफोर्नियातलं. आमचं दुकान तसं नाही."

मग २००५ साली माझा धाकटा, तेव्हा अकरा वर्षांचा, लिटल लीग, म्हणजे मुलांचं बेसबॉल, खेळत होता. काकांच्या घरी त्याने तो चेंडू हातात घेतला, फिरवला आणि सहीच्या पलीकडच्या बाजूचा छापील मजकूर मोठ्याने वाचला. तिथे कमिशनर, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलचे प्रमुख, म्हणून ॲलन एच. सेलिग यांची सही छापलेली होती. पोराने सरळ विचारलं, "काका, मँटल कधी वारले?"

मँटल वारले १३ ऑगस्ट १९९५ ला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. लीगच्या अधिकृत चेंडूंवर १९९९ पर्यंत त्या त्या लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असायची. अमेरिकन लीगच्या चेंडूवर तिचा अध्यक्ष, नॅशनलच्या चेंडूवर तिचा. १९९९ नंतर ही अध्यक्षपदं गेली आणि २००० पासून दोन्ही लीगना एकच चेंडू आला, कमिशनर सेलिग यांच्या नावाचा. म्हणजे माणूस गेल्यावर पाच वर्षांनी तयार झालेल्या चेंडूवर त्याची सही.

भाऊजी चेंडू घेऊन मॉलमध्ये गेले. त्या जागी मोबाइलचं दुकान होतं. आयुष्यभराची हमी देणारे कुठे गेले ते कोणालाच माहीत नव्हतं.

इथे वाद संपायला हवा होता. भाऊजी मात्र आजही म्हणतात की चेंडू खोटा हे त्याच्यावरच्या छापील नावामुळे कळलं, वहिनींच्या नजरेमुळे नाही. त्यांचं म्हणणं, पोराने छापील नाव वाचलं म्हणून पुरावा मिळाला, नाहीतर माझं ते नुसतं मत होतं. मला हे मान्य नाही आणि का नाही ते तुमच्या कामाचं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

मँटल १९५१ ते १९६८ यँकीजकडून खेळले, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये. त्या लीगचे अध्यक्ष १९५९ पर्यंत विल हॅरिज, मग १९७३ पर्यंत जो क्रोनिन, त्यानंतर १९८३ पर्यंत ली मॅकफेल, १९८४ ते १९९४ बॉबी ब्राउन आणि शेवटी १९९९ पर्यंत जीन बडिग. मँटलनी निवृत्तीनंतर संग्राहकांच्या प्रदर्शनांत बसून पैसे घेऊन भरपूर सह्या केल्या, त्यामुळे बाजारात त्यांचे बॉबी ब्राउनच्या नावाचे चेंडू पुष्कळ दिसतात. आता विचार करा. त्या सही काढणाऱ्याने सेलिगच्या ऐवजी बॉबी ब्राउनचा कोरा चेंडू घेतला असता तर? छापील नाव बिनचूक ठरलं असतं. भाऊजींचा पुरावा तिथेच संपला असता. पण ते दोन एम तसेच राहिले असते, शाईचा गोळाही तसाच राहिला असता. नवा चेंडू सही खोटी पाडू शकतो, जुना चेंडू ती खरी ठरवू शकत नाही. तुमच्या मामांच्या चेंडूवर बॉबी ब्राउनचं नाव निघालं तर आनंदाने उडी मारू नका, एवढंच म्हणते. सेलिगचं निघालं तर मात्र पुढे काही बघायची गरज नाही.

पेनाचंही असंच. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये आणि यँकीजचे जुने गाजलेले खेळाडू बेब रूथ वारले ऑगस्ट १९४८ मध्ये. तेव्हा १९३० च्या दशकातला म्हणून दाखवलेला रूथचा चेंडू बॉलपेनने सही केलेला असेल तर तो घेऊ नका. मँटलच्या बाबतीत हा उपाय फारसा चालत नाही, त्यांच्या काळात बॉलपेनच होतं.

सही बघायची कशी? पेटीतून काढा. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, पण थेट उन्हात नको, शाई उडते. भिंगातून रेघेची सुरुवात आणि शेवट बघा, बोथट आहेत की निमुळते. रेघेची जाडी कमीजास्त होते का ते बघा. खऱ्या सहीत दाब बदलतो, काढलेल्या सहीत तो शेवटपर्यंत सारखा. मग चेंडू उलटा धरा. नाव वाचता आलं नाही की डोळा रेघेकडे जातो. आम्ही चेक असाच उलटा करून बघायचो आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. शेजारी खात्रीच्या सह्या ठेवा, एक नाही, आठदहा, आणि शक्य तर त्याच वर्षांच्या. मँटलच्या १९५१-५२ च्या सह्या आणि प्रदर्शनांतल्या सह्या एकमेकींना लावून बघाल तर दोन्ही खऱ्या असून फसाल. आणि एक साधी गोष्ट: पूर्ण संघाच्या सह्यांचे चेंडू आठवण म्हणून छापूनही विकले जातात. रेघ कातड्यावर ठिपक्याठिपक्यांची दिसली तर ती छपाई असू शकते.

लोक चमकत्या होलोग्राम चिकटपट्टीबद्दलही विचारतात. दोन्ही लीग चालवणाऱ्या मेजर लीग बेसबॉलची स्वतःची पडताळणी २००१ पासून आहे, बुलपेन प्रकरणानंतर आलेली. त्यांचे पडताळणी करणारे बहुतेक आजी-माजी पोलीस असतात आणि सही समोर होताना पाहिली तरच ते चिकटपट्टी लावतात. घरून आणलेल्या चेंडूला लावत नाहीत. मला ही एकच पद्धत पूर्ण मान्य आहे, कारण इथे कोणीतरी पाहिलेलं असतं. पण मँटल १९९५ ला गेले. त्यांच्या सहीला ती चिकटपट्टी मिळणं शक्यच नाही, आणि कोणी तशी दाखवली तर तोच खोटेपणाचा पुरावा. जुन्या सह्यांसाठी पीएसए, जेएसए, बेकेट अशा कंपन्या आहेत. त्या देतात ते जाणकाराचं मत. मोठा लिलाव करणारे यांचा कागद बघतात, त्यामुळे विकायचा असेल तर तो घ्यावाच लागेल. त्यांच्या चिकटपट्ट्याही खोट्या निघतात, म्हणून नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा.

आता एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाणारी, पण सांगितली पाहिजे. बँकेत एकदा मी एका निवृत्त मास्तरांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत केला. रेघ थरथरलेली, मध्येच तुटलेली, काढलेल्या सहीची सगळी लक्षणं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः रिक्षाने आले. उजव्या हातावरून अर्धांगवायू गेला होता. माझ्यासमोर त्यांनी सही केली आणि ती त्यांच्याच कार्डाशी जुळेना. नवीन कार्ड भरून घेतलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. टेड विल्यम्स या जुन्या बेसबॉल खेळाडूला १९९४ साली स्ट्रोक आला, त्यानंतरच्या त्यांच्या सह्या आधीच्यांसारख्या नाहीत, आणि त्या खऱ्या आहेत. म्हणून नुसत्या थरथरीवरून कोणाला खोटं ठरवू नका. सही कोणत्या वर्षाची, तेव्हा हाताची अवस्था काय, हे आधी विचारा. माझी नजर चुकते, हे मी भाऊजींनाही सांगितलेलं आहे. पण त्या दसऱ्याला ती चुकली नव्हती.

किमतीचं मी आत्ता काही सांगणार नाही. चेंडू पेटीतून काढा, हात धुऊन, कोरडे करून, शिवणीवर धरा. एक फोटो सहीचा जवळून. एक सहीच्या पलीकडच्या बाजूचा, छापील नाव वाचता येईल असा. एक वायच्या शेपटीचा, जितका जवळून येईल तितका. आणि मामा अमेरिकेत कोणत्या वर्षी होते, चेंडू दुकानातून घेतला की स्वतः रांगेत उभे राहून सही घेतली, हे घरात कोणाला आठवतं का ते मामींना विचारा. सर्टिफिकेटचा फोटो पुन्हा नको.